वर्गाविना तयारी : पुणे परिसरातील घरगुती प्रसूतिज्ञानाचा ऐतिहासिक आढावा (वारजे परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

प्रसूतीपूर्वी गर्भवतीने विशिष्ट वर्गाला जाऊन श्वसन, व्यायाम व वेदनासहनाचे शिक्षण घ्यावे, ही कल्पना जगाच्या इतिहासात फार जुनी नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात रुजली आणि त्या शतकाच्या अखेरीस मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील मध्यमवर्गात पोहोचली. त्यापूर्वीच्या असंख्य पिढ्यांतील स्त्रियांनी वर्गाविनाच बाळंतपणाची तयारी केली. ही तयारी कशी होत असे, तिच्यात शहाणपण किती आणि धोका किती होता, तसेच रुग्णालयीन प्रसूती सार्वत्रिक झाल्यावर त्या ज्ञानाचे काय झाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

विवेचनासाठी पुणे परिसर, विशेषतः मुठा नदीच्या डाव्या काठावरील वारजे हे गाव समोर ठेवले आहे. हवेली तालुक्यातील हे शेतीप्रधान गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेजारचे हिंगणे बुद्रुक, म्हणजे आजचे कर्वेनगर, हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणकार्याचे केंद्र होय. खेडे, सुधारणेची चळवळ आणि महानगर अशा तीन अवस्थांचा संबंध या परिसराशी आल्यामुळे प्रसूतिविषयक ज्ञानाचे स्थित्यंतर येथे स्पष्टपणे अभ्यासता येते.

‘नैसर्गिक प्रसूती’ या संज्ञेचा आज फार सैल वापर होतो. प्रस्तुत निबंधात ही संज्ञा शस्त्रक्रियेविना, शक्यतो वेदनाशामक औषधाविना आणि स्त्रीच्या सक्रिय सहभागाने होणारी प्रसूती एवढ्याच अर्थाने योजली आहे. तिला कोणतेही नैतिक श्रेष्ठत्व येथे अभिप्रेत नाही.

प्राचीन ग्रंथांतील प्रसवाची तयारी

भारतीय परंपरेतील प्रसूतिविषयक सर्वांत जुन्या व्यवस्थित विवेचनांपैकी एक चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात आढळते. गर्भिणीने महिन्यागणिक कोणता आहार-विहार ठेवावा, हे तेथे क्रमाने सांगितले आहे. नवव्या महिन्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावे, तेथे अग्नी, पाणी, तेल, तूप, औषधी द्रव्ये व शस्त्रे यांची सोय असावी आणि अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कुशल व क्लेश सहन करणाऱ्या स्त्रिया सोबत असाव्यात, अशी अपेक्षा तेथे दिसते. नवव्या महिन्यात तेलाचा बस्ती व योनिमार्गात तेलाचा पिचू यांचा उपयोग सांगितला आहे. प्रसवमार्ग मृदू व्हावा, हा त्यामागील हेतू होय.

या अध्यायातील दोन स्थळे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहेत. पहिले स्थळ मुसळाविषयीचे आहे. वेणा सुरू होऊनही प्रसव होत नसेल, तर स्त्रीने उठून मुसळ घ्यावे व उखळातील धान्य कांडावे, मध्येमध्ये जांभया द्याव्यात व फिरावे, असे काहींचे मत चरकात नोंदविले आहे. भगवान आत्रेयांनी मात्र कांडण्याचा उपाय नाकारला आहे. गर्भिणीला दारुण व्यायाम वर्ज्य आहे. प्रसवकाळी तिचे शरीर अत्यंत नाजूक अवस्थेत असते व अशा श्रमाने तिच्या प्राणावर बेतू शकते, असे त्याचे कारण दिले आहे. चालणे व जांभई देणे यांना मात्र त्यांची संमती आहे. कष्ट आणि हालचाल यांतील भेद येथे नेमका पकडला गेला आहे.

दुसरे स्थळ जोर करण्याविषयीचे आहे. ‘आवी’ म्हणजे कळ आली नसताना स्त्रीने जोर करू नये, असे सोबतच्या स्त्रियांनी तिला सांगावे, असा तेथे आदेश आहे. कळ नसताना केलेला जोर व्यर्थ जातो व अपाय करतो. वेग आलेला नसताना शिंक वा ढेकर आणू पाहणाऱ्याचे श्रम वाया जातात, तसेच हे आहे. आधी हळू व नंतर अधिक बळाने जोर करावा, असा क्रमही दिला आहे. ती जोर करीत असताना भोवतालच्या स्त्रियांनी तिला धन्यतेचे, पुत्रजन्माचे शब्द ऐकवावेत, म्हणजे तिच्या प्राणांत हर्ष भरेल, असेही म्हटले आहे. पुत्राचा उल्लेख त्या समाजाच्या मूल्यांचा द्योतक आहे, हे मान्य करूनही प्रसूतीच्या क्षणी धीर देणाऱ्या वाणीला चिकित्सेचा भाग मानले गेले, ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

अर्थात, ग्रंथात एखादी गोष्ट लिहिली होती, म्हणून ती सर्व घरांत पाळली जात होती असे मानता येत नाही. सूतिकागाराचे वर्णन संपन्न घराचे आहे. शेतकरी व कष्टकरी स्त्रीचे बाळंतपण निराळ्या व्यवस्थेत होत असे.

घर, माहेर आणि सुईण

महाराष्ट्रातील पारंपरिक व्यवस्थेत पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जाण्याची रीत सर्वत्र रूढ होती आणि पुष्कळ अंशी आजही आहे. या रीतीकडे केवळ लाडाकौतुकाचा भाग म्हणून पाहणे अपुरे ठरेल. सासरच्या कामातून सुटका, ओळखीचे घर आणि स्वतःच्या आईजवळ भीती बोलून दाखविण्याची मुभा या तीन गोष्टी तिच्यामुळे गर्भवतीला मिळत. सातव्या महिन्यातील डोहाळजेवण व ओटीभरण या विधींमधूनही गर्भवतीभोवती अनुभवी स्त्रियांचे वर्तुळ तयार होत असे.

प्रसूतीविषयीचे ज्ञान या वर्तुळात पाहून व ऐकून मिळे. घरात काकू, आत्या वा थोरली बहीण बाळंत होताना मुलीने पाणी तापविलेले असे, दाराबाहेर बसून कण्हणे ऐकलेले असे आणि पुढे सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, बाळंतशेपा, वावडिंग, अळीव व डिंकाचे लाडू यांची व्यवस्था पाहिलेली असे. तिला स्वतःला कळा सुरू होत, तेव्हा त्या अनुभवाचा क्रम तिला ढोबळमानाने ठाऊक असे. आजच्या प्रसूतिपूर्व वर्गात पहिल्या तासाला सांगितले जाणारे ज्ञान, म्हणजे कळा कशा सुरू होतात, त्यांतील अंतर कसे कमी होते, पाणी जाते म्हणजे काय, वार कधी पडते, हे अशा रीतीने आधीच्या पंधरा वर्षांत झिरपलेले असे.

जात्यावरच्या ओव्या हेही या शिक्षणाचे एक साधन होते. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्यात सुरू झालेल्या संकलनातून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. माहेर, आई, गरोदरपण, बाळंतपण व लेकरू हे या ओव्यांचे नित्याचे विषय आहेत. पहाटे दोघीतिघी जात्याशी बसत, तेव्हा जे मोठ्याने बोलता येत नसे ते गाण्यातून सांगितले जाई. वयात आलेली मुलगी ते ऐकत असे.

या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी सुईण होती. अनेक गावांत ती मांग, महार, न्हावी इत्यादी समाजांतील प्रौढ स्त्री असे. तिचे ज्ञान हातात होते. पोटावरून हात फिरवून बाळाचे डोके कोठे आहे ते ती ओळखी, कंबर तेलाने चोळून देई, कळा येत असता बाईला फिरवी, उकिडवी वा गुडघ्यांवर बसवी. आढ्याला बांधलेल्या दोराला धरून जोर करण्याची पद्धतही ग्रामीण भागात होती. कळांच्या वेळी केस मोकळे सोडणे, घरातील कुलपे व गाठी सोडणे अशा समजुती महाराष्ट्रात व भारतात इतरत्रही आढळतात. वैद्यकीय दृष्ट्या त्यांना आधार नाही. तथापि ‘आता सारे मोकळे होणार आहे’ हा आश्वासक संदेश त्यांतून त्या स्त्रीपर्यंत पोहोचत असे. सुखरूप बाळंत होण्याला ‘मोकळी झाली’, ‘सुटका झाली’ असे म्हणण्याची मराठीतील रीत याच कल्पनेशी जोडलेली आहे.

येथे एक सामाजिक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. ज्या सुईणीच्या हातात घरातील सुनेचा जीव सोपविला जाई, तिला अनेकदा त्याच घराच्या ओट्यापलीकडे एरवी प्रवेश नसे. प्रसूती विटाळाची मानली गेल्यामुळे नाळ कापणे, वार पुरणे व रक्ताने माखलेली वस्त्रे धुणे ही कामे ‘खालच्या’ समजलेल्या जातींकडे आली. सुईणीच्या कौशल्याला प्रतिष्ठा न मिळण्याचे आणि ते लिहून न ठेवले जाण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

परंपरेच्या मर्यादा

या घरगुती ज्ञानाचे गौरवीकरण करण्यापूर्वी त्याची किंमत तपासणे इतिहासदृष्ट्या अनिवार्य आहे. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. सर जॉन मेगॉ यांनी १९३३ मध्ये भारतातील खेड्यांच्या पाहणीवरून दर हजार प्रसूतींमागे सुमारे २४.५ मातांचा मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला होता. म्हणजे साधारण चाळीस बाळंतपणांमागे एक स्त्री दगावत होती. आणि एका स्त्रीला सहा-सात वेळा बाळंतपणातून जावे लागणे त्या काळी सामान्य होते.

या मृत्यूंमागील कारणे धीर, श्वसन वा आसन यांनी दूर होणारी नव्हती. वार पडल्यानंतरचा अतिरक्तस्राव, बाळ आडवे आल्याने वा कटिभाग अरुंद असल्याने अडलेली प्रसूती, झटके आणि बाळंतरोगाचा ताप ही ती प्रमुख कारणे होत. विळ्याने वा मिळेल त्या पात्याने नाळ कापणे व तिला राख वा शेण लावणे यांमुळे नवजात बालकांना धनुर्वात होई. अंधाऱ्या, कोंदट, धुराने भरलेल्या खोलीत बाळंतिणीला ठेवल्याने तिच्या प्रकृतीस अपाय होई. अल्पवयातील विवाहामुळे शरीराची पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मातृत्व येई.

कष्टांविषयीही असाच विवेक करावा लागतो. दळण-कांडण व शेतीकाम करणाऱ्या बायका ‘सहज’ बाळंत होत, हे विधान वारंवार केले जाते. नियमित हालचालीमुळे शरीर काटक राहते, यात शंका नाही. परंतु अखेरच्या दिवसापर्यंत डोक्यावर पाणी वाहणे ही तयारी नसून सक्ती होती आणि अर्धपोटी स्त्रीच्या बाबतीत तिचे परिणाम घातक होत. आत्रेयांनी मुसळाला केलेला विरोध या ठिकाणी पुन्हा आठवावा असा आहे.

वारज्यासारख्या गावाच्या संदर्भात अंतराचा प्रश्न महत्त्वाचा होता. पुण्यातील ससून रुग्णालयाची इमारत १८६७ मध्ये उभी राहिली. वारज्यापासून ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे. बैलगाडीच्या काळात अडलेल्या बाईला रात्री तेथवर नेणे म्हणजे काही तासांचा खडतर प्रवास होता. शिवाय पुरुष डॉक्टरच्या हाती प्रसूती सोपविण्यास घरांची तयारी नसे.

सुधारणेचा काळ : आनंदीबाई जोशी ते सेवासदन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाकडे पाहण्याची नवी दृष्टी निर्माण झाली. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७). वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले व ते अवघे दहा दिवस जगले. १८८३ मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी बंगालमधील श्रीरामपूर येथे दिलेल्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज प्रतिपादिली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. परदेशातील आधुनिक विद्यापीठात शिकत असताना त्यांनी स्वदेशातील प्रसूतिपरंपरा अभ्यासविषय म्हणून निवडली, हे उल्लेखनीय आहे. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अकाली मृत्यू झाला आणि परंपरा व नवे शास्त्र यांचा सांधा जोडणारे एक कार्य आरंभीच थांबले.

१८८५ मध्ये लेडी डफरिन निधीची स्थापना झाली व १८८६ मध्ये मुंबईत केवळ स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. १९०३ मध्ये व्हिक्टोरिया स्मृती निधीद्वारे पारंपरिक दायांना शिक्षण देण्याचा प्रयत्न आरंभिला गेला. पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या प्रयत्नाने १९०९ मध्ये सेवासदनाचे कार्य सुरू झाले. ससून रुग्णालयाच्या सहकार्याने सेवासदनाने परिचारिका व सुईणींचे शिक्षण हाती घेतले. या शिक्षणाकडे वळलेल्या स्त्रियांत उच्चवर्णीय विधवाही होत्या. जे काम विटाळाचे मानले गेले होते, ते सन्मानाचे व स्वावलंबनाचे साधन म्हणून त्यांनी पत्करले. १९१२ मध्ये पुण्यात राजे एडवर्ड स्मारक, म्हणजेच केईएम रुग्णालयाचा प्रारंभ प्रसूतिगृहाच्या रूपाने झाला.

वारज्याच्या शेजारी हिंगण्यास १९०० मध्ये कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम स्थलांतरित झाला व १९१६ मध्ये तेथेच महिला विद्यापीठाची स्थापना झाली. मातृभाषेतून शिक्षण आणि गृहशास्त्र व आरोग्य या विषयांना अभ्यासक्रमात स्थान, ही या विद्यापीठाची वैशिष्ट्ये होती. शरीर व आरोग्य यांविषयी स्त्रीने पुस्तकातून, स्वतःच्या भाषेत शिकावे, ही कल्पना अशा रीतीने वारज्याच्या वेशीजवळ रुजली. मात्र तिचा लाभ प्रारंभी प्रामुख्याने शहरी पांढरपेशा वर्गास झाला.

सुधारणेच्या या पर्वाने असंख्य जीव वाचविले. त्याचबरोबर ‘अडाणी दाई’ ही प्रतिमाही याच काळात दृढ झाली. सुईणीची अस्वच्छता दूर करणे आवश्यकच होते. परंतु तिच्या हातातील कौशल्य व तिची सोबत यांची स्वतंत्र नोंद घेण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही.

वेदना आणि भीती : पाश्चात्त्य विचारातील स्थित्यंतर

युरोपात याच काळात प्रसववेदनेचा प्रश्न निराळ्या अंगाने चर्चिला जात होता. १८४७ मध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरले. धार्मिक कारणांवरूनही त्यास आक्षेप घेतले गेले. परंतु १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने प्रसूतीसमयी ते स्वीकारल्यावर त्याला प्रतिष्ठा लाभली. पुढील काळात संपन्न देशांतील प्रसूती क्रमशः रुग्णालयात, औषधाच्या अमलाखाली व स्त्रीच्या सहभागाविना होऊ लागली.

या प्रवाहाविरुद्ध ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये ‘नैसर्गिक प्रसूती’ ही संकल्पना ग्रंथरूपाने मांडली व १९४२ च्या ग्रंथात तिचा विस्तार केला. भीतीमुळे ताण, ताणामुळे वेदना व वेदनेमुळे पुन्हा भीती, असे चक्र त्यांनी वर्णिले. माहिती व शिथिलीकरण यांनी हे चक्र तोडता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सोव्हिएत संघात वेल्व्होव्स्की प्रभृतींनी पाव्हलॉव्हच्या सिद्धान्तावर आधारलेली पद्धत विकसित केली. ती पाहून आलेले फर्नांड लामाझ यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमधील धातुकामगारांच्या रुग्णालयात तिचा अवलंब केला. श्वसनाचे प्रशिक्षण देणारे आजचे वर्ग याच परंपरेतून आले.

डिक-रीड यांच्या विचारात एक दोष होता. ‘आदिम’ समाजातील स्त्रिया वेदनेविना प्रसूत होतात, असे गृहीतक त्यात डोकावते. वसाहतकाळातील अनेक लेखनांत पौर्वात्य स्त्रीविषयी असेच म्हटलेले आढळते. मराठी भाषाच हे गृहीतक खोडून काढते. ‘वेणा’ हा शब्द ‘वेदना’ या शब्दापासून आला आहे. वेणा, कळा, अडणे, सुटका हा सारा शब्दसंग्रह वेदनेची पूर्ण जाणीव असलेल्या स्त्रियांनी घडविला. त्यांच्याजवळ वेदना नव्हती असे नाही. वेदनेसमवेत राहण्याची सामूहिक रीत होती.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लेबॉये यांनी कलकत्त्यातील एका मातेला बाळाचे तेलमालीश करताना पाहिले व त्यावर १९७६ मध्ये पुस्तक लिहिले. भारतातील घराघरांतली रीत युरोपात नवे तंत्र म्हणून शिकविली जाऊ लागली. पुढे तीच वर्गांच्या रूपाने भारतीय शहरांत परत आली.

घरातून रुग्णालयाकडे

स्वातंत्र्योत्तर काळात प्राथमिक आरोग्य केंद्रे व सहायक परिचारिका-प्रसाविका यांचे जाळे उभे राहिले. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेत दायांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. महाराष्ट्रात याच सुमारास काही लक्षणीय प्रयोग झाले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड येथे निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी पुणे जिल्ह्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात घरपोच नवजात बालसेवेचा प्रयोग केला; १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथील ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आला. गावातील स्त्रीचे ज्ञान व शास्त्रीय शिक्षण एकत्र आल्यास काय साधते, याचे हे प्रयोग निदर्शक होत.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि धोरणाचा रोख दायांच्या प्रशिक्षणाकडून संस्थात्मक प्रसूतीकडे निर्णायकपणे वळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ९० टक्क्यांवर व २०१९-२१ मध्ये सुमारे ९५ टक्क्यांवर गेले. राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १३० होते. ते २०१८-२० मध्ये ३३ पर्यंत उतरले. कोणत्याही निकषावर ही असामान्य कामगिरी आहे.

या यशाची दुसरी बाजू अशी की, राज्यातील सिझेरियन प्रसूतीचे प्रमाण २०१५-१६ मधील सुमारे २० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये सुमारे २५ टक्के झाले व खासगी रुग्णालयांत ते सरकारी रुग्णालयांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये १० ते १५ टक्के हे प्रमाण पुरेसे मानले होते. अनेक प्रसूतिकक्षांत स्त्रीला एकटीने, पाठीवर निजून, अनोळखी माणसांत कळा सोसाव्या लागतात. घरातील धोका गेला. त्याबरोबर सोबत व हालचाल यांनाही अनेक ठिकाणी बाहेर ठेवले गेले.

नवे पुरावे आणि जुन्या रीती

गेल्या काही दशकांतील संशोधनाने या हरवलेल्या गोष्टींचे मोल मोजून दाखविले आहे. प्रसूतिकाळात सतत सोबत असण्याविषयीच्या २६ चाचण्यांचा व १५,८५८ स्त्रियांच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोबत असलेल्या स्त्रियांत स्वाभाविक प्रसूती अधिक, सिझेरियन कमी व कळांचा काळ काहीसा अल्प असल्याचे त्यात आढळले. प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेत उभे राहणे व चालणे यांविषयीच्या २०१३ मधील आढाव्यात ही अवस्था सरासरी एक तास बावीस मिनिटांनी कमी झाल्याचे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत स्त्रीच्या पसंतीची सोबतीण, हालचालीची मुभा आणि जोर करण्याबाबत तिच्या स्वतःच्या वेगाला अनुसरणे यांचा समावेश आहे. ‘कळ नसताना जोर करू नये’ हा चरकातील आदेश या अखेरच्या शिफारशीजवळ येतो. भारत सरकारनेही २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात सोबतिणीला प्रसूतिकक्षात स्थान देण्याचे धोरण स्वीकारले व २०१८ मध्ये प्रशिक्षित प्रसाविकांच्या सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

शरीरशास्त्रीय कारणमीमांसाही याला अनुकूल आहे. गर्भाशयाचे आकुंचन ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते; भय व ताण यांमुळे स्रवणारे ॲड्रिनॅलिन या प्रक्रियेत अडथळा आणू शकते. दीर्घ उच्छ्वासाने स्नायू सैल होतात व कळांच्या मधल्या काळात विश्रांती मिळते. उभ्या अवस्थेत बाळाचे डोके खाली सरकण्यास गुरुत्वाकर्षणाचे साहाय्य होते. सुईण कंबर चोळून देई, बाईला फिरवी व ‘आता थोडेच राहिले’ असे म्हणे, त्यामागे या शास्त्राची जाण नव्हती. अनुभव मात्र होता.

आजचे वारजे

मुंबई-बंगळूरु महामार्गाचा बाह्यवळण मार्ग, गृहसंकुले आणि शहराच्या विस्ताराबरोबर रोजगारासाठी आलेली कुटुंबे यांमुळे वारज्याचे रूप गेल्या तीन दशकांत पालटले. येथे तीन प्रकारच्या गर्भवती एकमेकींच्या शेजारी राहतात. पहिल्या प्रकारातील स्त्रीला शुल्क भरून प्रसूतिपूर्व वर्ग परवडतो. २००० च्या दशकात डॉ. बालाजी तांबे यांच्या लेखनामुळे लोकप्रिय झालेल्या गर्भसंस्काराच्या वर्गांचाही पर्याय तिच्यासमोर असतो. दुसरी जुन्या गावठाणातील असून तिच्याभोवती सासू, आई व शेजारणी यांचे वर्तुळ अजून टिकून आहे. तिसरी मराठवाड्यातून वा अन्य जिल्ह्यांतून आलेल्या कष्टकरी कुटुंबातील आहे. तिला वर्ग परवडत नाही, माहेर दूर आहे आणि घरात दुसरी बाळंतीण तिने पाहिलेली नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही तिसरी स्त्री सर्वाधिक एकाकी होय. जुने ज्ञान तिच्यापासून तुटले आणि नवे तिच्यापर्यंत पोहोचले नाही.

वर्गाविना तयारीचा प्रश्न आज मुख्यत्वे तिचा आहे. पूर्वानुभवावरून या तयारीचे पाच घटक सांगता येतात. प्रसूतीच्या अवस्थांचा क्रम आधी समजून घेणे हा पहिला. शरीराला झेपेल एवढी रोजची हालचाल, चालणे व पुरेसा आहार हा दुसरा. कळेच्या वेळी सावकाश श्वास सोडण्याचा व अंग सैल ठेवण्याचा घरी सराव हा तिसरा. विश्वासातील एका स्त्रीची सोबत आधीच ठरविणे व रुग्णालयात तिला प्रवेश मिळेल का याची चौकशी करणे हा चौथा. पाचवा व अपरिहार्य घटक म्हणजे धोक्याची लक्षणे ओळखणे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी वा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, बाळाची हालचाल मंदावणे किंवा कळांपूर्वीच पाणी जाणे यांपैकी काहीही घडल्यास विलंब न करता रुग्णालय गाठणे आवश्यक असते. पहिले चार घटक परंपरेत कमीअधिक प्रमाणात होते. पाचव्याच्या अभावी परंपरेने असंख्य जीव गमावले.

निष्कर्ष

१. प्रसूतीची पूर्वतयारी ही आधुनिक वर्गांची निर्मिती नव्हे. महाराष्ट्रात माहेर, अनुभवी स्त्रियांचे वर्तुळ, जात्यावरच्या ओव्या आणि सुईण यांच्या द्वारे ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली.

२. या तयारीने भीती हलकी केली, मृत्यू टाळले नाहीत. अतिरक्तस्राव, अडलेली प्रसूती व जंतुसंसर्ग यांवर तिच्याजवळ उपाय नव्हता. मातामृत्यूतील घट मुख्यतः स्वच्छता, प्रशिक्षित साहाय्य, रुग्णालयीन सेवा व विवाहवयातील वाढ यांमुळे शक्य झाली.

३. सुधारणेच्या ओघात सुईणीच्या अस्वच्छतेबरोबर तिचे कौशल्यही त्याज्य ठरले. जातिव्यवस्थेने तिच्या ज्ञानाला आधीच प्रतिष्ठा नाकारली होती, त्यामुळे ते जतन करण्याची निकड कोणास भासली नाही.

४. सोबत, हालचाल आणि कळेनुसार जोर या जुन्या गोष्टींना आजच्या संशोधनाचा आधार मिळाला आहे. त्या रुग्णालयाच्या विरोधात नसून रुग्णालयातच आणण्याजोग्या आहेत व त्यांस फारसा खर्चही येत नाही.

५. वेदनाशामक औषध वा शस्त्रक्रिया स्वीकारणाऱ्या स्त्रीला उणे लेखणे अनैतिहासिक आहे. आपल्या आज्या-पणज्यांपुढे असा पर्यायच नव्हता. म्हणून त्यांच्या सहनशीलतेचे माप आजच्या स्त्रीस लावता येणार नाही.

वारज्यासारख्या उपनगरात वर्गाची जागा घेऊ शकेल अशी व्यवस्था नव्याने शोधण्याची गरज नाही. गर्भवतीच्या नियमित तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर चार जणी एकत्र येतात. तेथेच परिचारिकेने वा अनुभवी मातेने अर्धा तास त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे आणि प्रसूतिकक्षात एका सोबतिणीला जागा मिळावी. एवढे झाले तरी माहेरापासून दूर असलेल्या स्त्रीला बाळंतपणाच्या वेळी एकाकी राहावे लागणार नाही.